प्रबोध हरायला जातो

नुसता अर्ज करून गप्प बसायचं नाही, आपण एखादी ओळख काढायची, असं प्रबोधने ठरवलं आणि तिथेच माशी शिंकली.

तसं पाहिलं तर काही अडलं नव्हतं. म्हणजे अडलं होतं, पण चार लोकांचं अडतं तेवढंच. प्रबोधची मुलगी अनघा सिंगापुरात चोआ चू कांगमधल्या ज्या छोट्या इंटरनॅशनल शाळेत शिकत होती, ती शाळा दहावीपाशीच संपायची. पुढच्या दोन वर्षांना तिकडे सिक्स्थ फॉर्म म्हणतात, म्हणजे आपली अकरावी-बारावी. त्यासाठी बुकित तिमाहच्या एका शाळेत अर्ज केला होता. पोरीचे मार्क उत्तम होते. पण त्या वर्षी सिंगापुरातल्या यच्चयावत आईबापांना नेमकी तीच शाळा हवी होती. शाळेने कळवलं, की वर्ग भरलेत, अनघा वेटिंग लिस्टवर आहे, कुणी जागा सोडली तर मुलाखतीला बोलावू.

"मग थांबायचं," प्रबोधची बायको सुचित्रा म्हणाली.

"आणि नाही मिळाली तर?"

"तर मी आणि अनघा पुण्याला जाऊ. ताईच्या सोसायटीत फ्लॅट रिकामा आहे. माझं काम काय, लॅपटॉपवर कुठूनही होतं. दोन वर्षं हां हां म्हणता जातील."

"आणि मी?"

"तू इथे. तुला नोकरी आहे ना?"

हे ती अगदी सहज म्हणाली. लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि त्यातला एकही आठवडा त्याने घरात एकट्याने काढलेला नव्हता. तो शिपिंग कंपनीत इंजिनिअर. भर समुद्रात बंद पडलेलं जहाजाचं इंजिन इथे टेबलाशी बसून फोनवर चालू करून देणारा माणूस. (वॉशिंग मशीनला मात्र त्याने आजवर हात लावला नव्हता. ते वेगळं खातं होतं.)

"राहीन की! त्यात काय!" तो छाती काढून म्हणाला आणि जेवायला बसल्यावर दोन घासांनी त्याने हळूच विचारलं, "आपल्याकडे मीठ कुठे असतं गं?"

सुचित्राने त्याच्या ताटाशेजारचीच मिठाची बरणी त्याच्यापुढे सरकवली.

तर ओळख काढायची. ओळखीच्या बाबतीत आपल्या लोकांचा एकच पत्ता, नीता. नीता ही सुचित्राची मैत्रीण आणि मराठी मंडळाची चालतीबोलती बातमीदार. प्रबोधने तिला फोन लावला तर ती म्हणाली, "अरे, तो निशिकांत आहे ना, गणपतीत आरतीला मोठ्याने ओरडतो तो? बुकित तिमाहला राहतो. त्याला मी त्या शाळेच्या ऑफिसातून बाहेर पडताना दोनदा पाहिलंय. वॉचमन सलाम करत होता."

बस. प्रबोधला एवढं पुरेसं होतं. सलाम करतोय म्हणजे माणूस आतला आहे! बोर्डावर असणार, नाहीतर हेडमास्तरांच्या बैठकीतला. त्याने लगेच निशिकांतला फोन केला आणि, मंडळात कधी नीट बोलणंच झालं नाही, एकदा भेटू या, असं म्हणाला. निशिकांत पलीकडून इतका खूश झाला, की प्रबोध चाट पडला.

"अहो, मीच तुम्हाला फोन करणार होतो, प्रबोधराव! बॅडमिंटन खेळता का?"

"खेळतो की, निशिकांतराव!"

"मग शनिवारी कम्युनिटी क्लबात. कोर्ट मी बुक करतो."

"छे, छे, कोर्ट मी बुक करतो!"

दोघांनीही केलं. शनिवारी एका वेळेला दोन कोर्टं यांच्या नावावर, आणि खेळणारी माणसं दोन.

आता प्रबोध कॉलेजात असताना बॅडमिंटनचा चॅम्पियन होता. पण ज्याच्याकडे काम आहे त्याला हरवायचं नसतं, एवढं व्यवहारज्ञान त्याला होतं. त्याने पहिलीच सर्व्हिस नेटमध्ये घातली. पॉइंट निशिकांतचा. निशिकांतनेही आपली सर्व्हिस नेटमध्येच घातली. प्रबोधने शटल कोर्टाबाहेर घालवलं. निशिकांतने छताला लावलं. प्रबोध समोर आलेलं शटल बघत उभा राहिला. निशिकांतने तर रॅकेट दुसऱ्या हातात घेतली.

"वा, निशिकांतराव, काय प्लेसिंग आहे!"

"कसलं प्लेसिंग, नेमच चुकला. तुमची ती मघाशी सोडलेली, ती खरी! जजमेंट लागतं हो सोडायला!"

शेजारच्या कोर्टावर चार चिनी आजोबा खेळत होते. ते आपला खेळ थांबवून हा खेळ बघायला लागले. शेवटी निशिकांतने तोंड वाचवायला म्हणून रॅकेट आडवी धरली, तिच्यावर शटल आपटलं आणि नेटवरून टुपकन प्रबोधच्या बाजूला पडलं. प्रबोध ते आपल्या हातून परत जाऊ नये म्हणून बाजूला उडी मारून पडला. गुडघा सोलला, पण मॅच हरला. त्याच्या जिवात जीव आला. निशिकांतचा चेहरा मात्र एवढासा झाला होता. जिंकल्याबद्दल तो इतक्या वेळा सॉरी म्हणाला, की प्रबोधला वाटलं, काय नम्र माणूस आहे, मोठी माणसं अशीच असतात.

बाहेर पडताना एक कोच पोरगी मागून धावत आली. "अंकल, बिगिनर क्लास स्टिल गॉट टू प्लेस," म्हणाली, म्हणजे नवशिक्यांच्या वर्गात अजून दोन जागा आहेत. शाळेत जागा मिळेना, इथे आपणहून मिळत होती.

मग हे दर शनिवारी सुरू झालं. खेळून झाल्यावर दोघं हॉकर सेंटरला, म्हणजे तिकडच्या खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, चहा प्यायला जायचे. तिथे आपला ट्रे आपण उचलून ठेवावा लागतो. प्रबोध निशिकांतचा ट्रे उचलायला धावायचा, निशिकांत प्रबोधचा. दोघं एकमेकांच्या ट्रेची कड धरून "अहो द्या", "अहो असू द्या" करत उभे. एकदा या ओढाताणीत उरलेली सांबाल चटणी तिसऱ्याच माणसाच्या पँटवर गेली, आणि तिथेही "चूक माझीच", "नाही, माझी" म्हणून दोघांत चुरस लागली. त्या बिचाऱ्याला कुणावर चिडावं तेच कळेना.

प्रकरण शनिवारवर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण निशिकांतच्या आईला ओले नारळ लागतात असं कळल्यावर प्रबोध लिटिल इंडियातून नारळ आणि केळीची पानं घेऊन बसने बुकित तिमाहला पोहोचवायला लागला. दुसऱ्या दिवशी निशिकांत चोआ चू कांगला हजर, हातात त्याच नारळाच्या करंज्या! प्रबोधने सुचित्राला पुरणपोळ्या करायला लावल्या. निशिकांतकडून श्रीखंड आलं.

"अरे, हा माणूस तुला एवढं कशाला देतोय?" सुचित्राने विचारलं. "काम तुझं आहे ना त्याच्याकडे?"

"संस्कार म्हणतात याला," प्रबोध म्हणाला. "तुला नाही कळायचं."

"मला एवढंच कळतंय, की तू शाळेबद्दल अजून चकार शब्द काढलेला नाहीस."

"असं एकदम नाही विचारायचं. आधी संबंध मुरू द्यायचे."

"बाबा, संबंध आहे की लोणचं?" अनघा मोबाइलमधून डोकं वर काढून सिंगापुरी ठसक्यात म्हणाली. "जस्ट आस्क हिम, लाह!"

संबंध मुरले, तोवर शाळा सुरू व्हायची वेळ जवळ आली. सुचित्राने पुण्याच्या तिकिटांची चौकशी केली. वरच्या कपाटातल्या दोन मोठ्या बॅगा खाली काढून हॉलमध्ये उघड्या ठेवल्या. त्या बॅगा बघून प्रबोधचा धीर सुटला. खरं सांगायचं तर त्या बॅगांच्या शेजारून जाताना त्याला रडूच येत होतं. मुलगी आता दोन वर्षांनी तशीही कॉलेजला जाणार, मग हातात राहिली ती एवढीच दोन वर्षं, आणि तीही व्हिडिओ कॉलवर काढायची? त्या शनिवारी मॅच हरून झाल्यावर (आता दोघंही हरण्यात चांगले तयार झाले होते) त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"निशिकांतराव, एक बोलायचं होतं."

"मलाही बोलायचं होतं, प्रबोधराव."

"आधी तुम्ही."

"छे, आधी तुम्ही."

नेहमीप्रमाणे दोघंही एकदमच बोलले. "तेवढं आमच्या अनघाचं शाळेत बघा ना" आणि "तेवढं आमच्या वरुणचं शाळेत बघा ना" ही दोन वाक्यं टेबलाच्या बरोब्बर मधोमध एकमेकांवर आपटली.

"म्हणजे तुम्ही बोर्डावर नाही?" प्रबोधने विचारलं.

"मी कसला बोर्डावर? वरुण वेटिंग लिस्टवर आहे म्हणून मी चौकशीला जायचो. तुम्ही आहात ना? नीता म्हणाली, तुम्ही शाळेच्या गेटवर वॉचमनशी तासन् तास गप्पा मारता, आतली सगळी माणसं तुम्हाला ओळखतात."

"अहो, तो मला आत सोडत नव्हता!"

निशिकांतने डोक्याला हात लावला. मग एकदम त्याचा आवाज चढला. "म्हणजे मी सहा आठवडे तुमच्याशी मुद्दाम हरत होतो, ते उगीच?"

"तुम्ही हरत होता? मी हरत होतो! मी कॉलेजात चॅम्पियन होतो!"

"मी युनिव्हर्सिटी खेळलोय!"

"मग या कोर्टवर!"

"चला!"

आणि गेले की दोघं! पण इतक्या दिवसांत हात असे काही बिघडले होते, की जीव तोडून खेळूनही एकाचंही शटल नेटपलीकडे जाईना. शेजारचे आजोबा मान हलवून म्हणाले, "सेम-सेम." शेवटी दोघंही कोर्टवर फतकल मारून बसले आणि पोट धरून हसले. घरी परतताना मात्र प्रबोधला हसू आलं नाही.

घरी त्याने सगळं सांगून टाकलं. सुचित्रा हसली नाही, हे तिचं मोठेपण. अनघा हसली.

"आय न्यू," ती म्हणाली. "वरुण माझ्या ट्यूशनला आहे ना! त्याला ती शाळा नकोच आहे, त्याला पॉलिटेक्निकला जायचंय. घरी सांगायला घाबरतो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू एक्सरसाइज करत होतास, बाबा. आणि श्रीखंड येत होतं."

त्यानंतरच्या आठवड्यात, कुणाच्याही ओळखीशिवाय, शाळेचा ईमेल आला. एक कुटुंब दुबईला चाललं होतं, एक जागा सुटत होती, तिच्यासाठी चार मुलांना मुलाखतीला बोलावलं होतं. त्यात अनघा होती. प्रबोध नवा शर्ट घालून निघाला, तशी ती दारात आडवी उभी राहिली. "बाबा, यू डोन्ट कम, कॅन? चालेल ना? प्लीज?" मग गेली एकटीच, बस पकडून. परत आल्यावर कसं झालं विचारलं तर म्हणाली, "ओके लाह." याच्या पलीकडे एक अक्षर नाही.

दोन दिवसांनी सुचित्राचा मोबाइल वाजला. तिचे हात कणकेत होते, म्हणून प्रबोधने उचलून स्पीकरवर टाकला. शाळेच्या स्टुडंट वेल्फेअर विभागातल्या बाई इंग्रजीत बोलत होत्या. फार मऊ आवाज.

"अनघाच्या घरून बोलताय ना? तुमच्या घरी ज्यांची ती काळजी घेते, त्यांच्याबद्दल थोडं विचारायचं होतं."

"अशी कुणी व्यक्ती आमच्याकडे नाही," प्रबोध म्हणाला.

सोफ्यावरून अनघा ताडकन उठली आणि दोन्ही हातांनी खुणा करायला लागली. प्रबोधने फोनवर हात ठेवला.

"आहे, बाबा!" ती कुजबुजली. "त्यांनी विचारलं, पुण्याला का नाही जात. मी म्हटलं, मी आणि आई गेलो तर घरात एक माणूस आहे, त्याला एकट्याने नाही मॅनेज होणार, सो आय वॉन्ट टू स्टे. कोण ते नाही सांगितलं."

"कोण?"

अनघाने त्याच्याकडे बोट केलं.

प्रबोधने स्वतःच्याच छातीवर बोट ठेवून खात्री करून घेतली. मग त्याने फोनवरचा हात काढला. "हो, आहे, आहे. एक आहे."

"स्वतःच्या हाताने जेवतात का ते?"

"वाढून दिलं तर जेवतात."

"औषधं? कपडे?"

"कपडे हातात द्यावे लागतात."

"कधी गोंधळल्यासारखे होतात का?"

"वस्तू सापडल्या नाहीत की होतात. संध्याकाळी जास्त."

पलीकडे बाई मिनिटभर टाइप करत होत्या. मग त्यांनी विचारलं, "त्यांना घरी एकटं ठेवता येतं का?"

प्रबोधने हॉलमधल्या उघड्या बॅगांकडे पाहिलं. अनघाकडे पाहिलं.

"दिवसभर राहतील," तो म्हणाला. "दोन वर्षं नाही राहू शकणार हो."

हे मात्र त्याने अगदी मनापासून सांगितलं होतं आणि ते पलीकडे पोहोचलं असावं, कारण बाईंचा आवाज आणखी मऊ झाला. म्हणाल्या, "अनघाची मुलाखत चारही जणांत सगळ्यात चांगली झाली. जागा तिलाच द्यायची, असं कालच ठरलंय. मी फक्त घरी काही मदत लागेल का, एवढं पाहत होते. संध्याकाळपर्यंत ईमेल येईल."

अनघाने सोफ्यावर उडी मारली.

"आणि सर," बाई पुढे म्हणाल्या, "अशा माणसाला रोज सांभाळायचं म्हणजे फार दमायला होत असेल, नाही?"

प्रबोध उत्तर देणार, एवढ्यात सुचित्राने कणकेच्या हातानेच फोन काढून घेतला आणि म्हणाली, "व्हेरी."