वामनभाऊंची बॅटरी

वामनभाऊंकडे गेलात, की ते आधी पाणी देत नाहीत. हातात बॅटरी देतात. मग खुर्चीत मागे रेलून जबडा उघडतात. "मारा जी उजेड. जिभेच्या शेंड्यावर पाहा. निखारा ठेवला हाय, निखारा!"

उजेड मारला की आत जीभ दिसते. गुलाबी, ओली, तुमच्या-माझ्यासारखी.

सावली गावात आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे हे गृहस्थ वनखात्याच्या लाकूड डेपोतून निवृत्त झाले. सागाच्या ओंडक्याच्या तोंडाशी बॅटरी धरून आत पोकळ आहे का, हे सांगण्यात त्यांची सारी नोकरी सरली. बायको वारली, मुलगा पुण्याला. वर्षभरापासून भाऊंचं तोंड जळतं. तपासण्या सगळ्या बरोबर निघाल्या, म्हणून गल्लीनं निकाल दिला, "भाऊले काई नाई झालं." मुलगाही फोनवर हेच म्हणतो. मीही हेच म्हणायचो. दिसत नाही ते मी हिशेबात धरत नाही.

फक्त माझी बायको शीला पहिल्याच दिवशी आत डोकावून म्हणाली, "हो भाऊ, लाल दिसून राह्यलं."

तेव्हापासून आमच्या दह्याची साय भिंतीपलीकडे जाते. बिनतिखटाचं वरणही जातं. मला लग्नाच्या आधीपासून ॲसिडिटी आहे. मला साय नाही, "रात्री कमी जेवत जा" एवढंच.

शेवटी चंद्रपूरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी निदान केलं. तोंडात जखम नाही. नसाच आगीची खोटी वर्दी देतात. भाऊ खूश. "पाहा! खोटं नसा बोलून राह्यल्या, मी नाई!" मग औषधांची रांग लागली. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी फरक पडला नाही. मन खचलेल्यांना देतात ती गोळी नसांसाठी थोडक्या मात्रेत दिली, तर भाऊ दिवसभर पेंगले. मिरचीच्या अर्काच्या पातळ गुळण्या सुचवल्या, तेव्हा ते तिथेच ओरडले, "आगीवर मिरची? तुमी डॉक्टर हाय का सासू?" लागू पडली ती झटके आणि घबराटीवर देतात त्यातली एक गोळी. गिळायची नाही, तीन मिनिटं तोंडात धरायची आणि थुंकायची. तेवढा वेळ भाऊ बोट वर करून गप्प बसतात आणि शीला समोर घड्याळ धरते. माझ्या तापातही तिनं कधी घड्याळ धरलं नाही.

त्यात हल्ली तीही पोळी वरणात कुस्करून खाऊ लागली. तिखटही सोडलं. संगतीचा परिणाम, असं मनात म्हणत मी एके दिवशी दुप्पट ठेचा खाल्ला. जळायचं ते माझंच जळलं.

परवा दुपारी भाऊ आले. जळजळ निम्म्यावर आली, म्हणाले.

"मग आता साय बंद करायची का?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. बॅटरी शीलासमोर धरली. "बाई, आता तुमी आ करा."

"मी काऊन? मले काय झालं?"

"डाव्या अंगानं चावत नाई तुमी. पाणीबी मान वाकडी करून पेता. लय दिवसांचं पाहून राह्यलो." मग माझ्याकडे वळले. "रोज समोर बसून जेवता ना जी तुमी?"

शीलानं पदर गालाला लावला.

"मले सांगितलं काऊन नाई?" मी म्हटलं.

"तुमी म्हटलं असतं, काई दिसत नाई."

भाऊ म्हणाले, "मंगळवारी डॉक्टरीणबाईपाशी माझा नंबर हाय. त्याच्यावर बाईले घेऊन जा. माझ्यापाशी गोळ्या हायेत, मी पुढच्या महिन्यात दाखवतो. एकट्यानं दुखणं लय वाईट जी."

मी त्यांच्या हातातून बॅटरी घेतली. जरा हिसकावलीच. शीलानं तोंड उघडलं. दाढ वरून तर धडच वाटत होती.

"दिसते काही?" तिनं विचारलं.

"दिसते," मी म्हटलं.

भाऊही वाकून पाहू लागले. मी त्यांच्या आणि उजेडाच्या मधे उभा राहिलो.