देवक कोणतं तुमचं?

कदमसरांशी ओळख करून घ्यायची म्हणजे आपल्या आईचं माहेर तोंडपाठ पाहिजे. समोरच्याचे हात नमस्काराला जुळायच्या आत हा माणूस विचारायचा, "मामा कोण तुमचे? देवक कोणतं? आत्या कुठं दिलीय?" मी नेवाशाच्या कॉलेजात रुजू झालो त्या दिवशी स्टाफरूममध्ये माठातलं पाणी काढत होतो, तर मागून हाच आवाज. मला वाटलं, झालं! याच्या घरात लग्नाची बहीण असणार. मी घाईघाईनं सांगून टाकलं, "माझं लग्न झालंय. दोन पोरं आहेत."

"उत्तम," कदमसर म्हणाले. "मग बायकोचे मामा कोण?"

हा काय प्रकार आहे ते आधी सांगतो. कुणा उत्साही माणसानं आमच्या कॉलेजात मानवशास्त्र नावाचा विषय सुरू करून ठेवला होता. त्या विषयाला एक शिक्षक होते, म्हणजे पुण्याची चांगली नोकरी सोडून इथं आलेले कदमसर; का आले ते कुणालाच माहीत नव्हतं. एक कपाट होतं, आणि एक प्लास्टरची कवटी होती. तीन जाडजूड इंग्रजी पुस्तकंही होती, पण ती आमच्याआधी वाळवीनं वाचली. "विभागातला सर्वांत अभ्यासू जीव," कदमसर म्हणत. कवटीमुळे आमचा शिपाई बाबूराव त्या खोलीत झाडू मारत नसे. अमावास्येला उंबऱ्यावर लिंबू आणि टाचण्या ठेवून तो लांबून नमस्कार करायचा. कदमसर टाचण्या फळ्यावर नकाशा लावायला वापरायचे आणि लिंबाचं सरबत करून प्यायचे. बाबूरावला वाटे, आज ना उद्या हा माणूस रक्त ओकणार. तो रोज सकाळी आशेनं बघायला यायचा.

मी अर्थशास्त्र शिकवायचो. म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात, सकाळी रेशनवरच्या अमेरिकन ज्वारीची, लाल मिलोची भाकरी खाऊन आलेल्या पोरांना मागणी आणि पुरवठा समजावून सांगायचो. मागणी सगळ्यांना कळायची. पुरवठा म्हटला की मागच्या बाकावरची पोरं हसायची. पुढं पुढं ती हसायलाही येईनात. प्रवरेच्या पात्रात नुसती वाळू तापलेली, विहिरींचे तळ दिसायला लागलेले, आणि आमचे विद्यार्थी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला गेलेले. रिकाम्या वर्गात हजेरी घेताना माझा मलाच राग यायचा.

कदमसरांना मात्र काही फरक पडला नाही. वर्ग तलावावर गेला, तर हे पण सायकल घेऊन तलावावर. खणताना खापराचा तुकडा निघाला की धावत जाऊन बघायचे. कुठं जुन्या वस्तीची पांढरी माती लागली की पोरांना खड्ड्यात उतरवून तासभर व्याख्यान. मुकादम ओरडायचा, "ओ सर, मोजमाप व्हायचं राह्यलंय! पोरान्ला मजुरी तुमी देनार का?"

"शास्त्राच्या दृष्टीनं उत्तम खड्डा आहे," सर म्हणायचे.

मी कपाळाला हात लावायचो. लोक पाण्यासाठी खणतायत आणि हा खापरं शोधतोय! पण कदमसरांचं म्हणणं असं, की पुस्तकं नाहीत म्हणून रडत कशाला बसायचं? माणसाचं शास्त्र शिकायला माणसं पुरतात. विषयाच्या चार शाखा ते कुठंही, कुणालाही, तिथल्या तिथं दाखवून द्यायचे. गावोगाव फिरताना ते मलाही बरोबर न्यायचे; एकदा एका पारावर म्हातारे बसले होते, त्यांना म्हणाले, "आजोबांचं नाक आणि डोकं, ही शारीरिक शाखा. आजींच्या शिव्या, हे भाषाशास्त्र. गावाबाहेरचं पांढरीचं टेकाड, हे पुरातत्त्व. आणि तुमची भावकी बांधावरून का भांडते, ते सामाजिक."

"भांडत न्हाई आमी," एक म्हातारा म्हणाला.

"भांडता की! मागल्या साली डोस्कं फोडलं माझं," दुसरा म्हणाला. मग त्या दोघांची खरंच जुंपली, आणि कदमसर खाली बसून मातीत काडीनं त्रिकोण आणि वर्तुळं काढायला लागले. त्रिकोण म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई, मेलेल्यावर आडवी रेघ. त्या सालात आडव्या रेघा फार निघायच्या.

आता खरी गंमत. तुम्हीच सांगा, चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला, कायम नोकरीचा माणूस दारात येतो, घोंगडीवर बसतो आणि कुळाचं देवक विचारतो, मामेकुळ विचारतो, पाव्हणे कुठले म्हणून विचारतो. गावाला काय वाटणार? घरात लगेच कुजबूज सुरू. चुलीवर कढई चढायची. सर म्हाताऱ्याच्या आज्यापणज्याची चौकशी करताहेत तोवर आतून डोक्यावर पदर घेतलेली मुलगी पोह्यांची बशी घेऊन बाहेर! सर पोहे खायचे, मुलीकडे बघायचेसुद्धा नाहीत, आणि "उत्तम माहिती मिळाली" म्हणून उठायचे. मागं ते घर महिनाभर निरोपाची वाट बघत बसायचं. राहुरीच्या बाजूला एका बापानं तर आम्हाला एसटी स्टँडवर गाठलं. "पोरीत काय खोट हाय ते तरी सांगा!" म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. दुष्काळात लग्नं लांबलेली, घरोघरी पोरी खोळंबलेल्या. मी सरांना तिथंच झापलं, "अहो, शास्त्र गेलं खड्ड्यात! लोकांच्या तोंडचे पोहे खाताय तुम्ही. स्पष्ट सांगत जा, मला लग्न करायचं नाही म्हणून."

"तसं कसं सांगू?" ते म्हणाले. "खोटं होईल."

इतकी वर्षं पोह्यांच्या बशा रिकाम्या करणाऱ्या या माणसाला लग्न करायचं होतं!

कुणाशी, ते थोड्याच दिवसांत कळलं. नदीपलीकडे टाकळवाडी म्हणून गाव आहे, तिथले नामदेवराव. त्यांची बहीण कुसुम तिथल्याच शाळेत मास्तरीण. वय तिशीच्या पुढं गेलेलं. बाप लवकर गेला, नामदेवरावांची पोरं लहान, घर तिच्या पगारावर. त्यात तिचं लग्न राहून गेलं ते गेलंच. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा पोहे घेऊन तीच आली, पण ती मान खाली घालून उभी नाही राहिली. खाली बसली आणि विचारलं, "सर, एवढं सगळ्यांचं गणगोत जमवून तुम्ही करता काय त्याचं?"

कदमसरांना आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. प्राचार्यांनी नाही, मी तर नाहीच. ते गडबडले. पोह्यांतला शेंगदाणा घशात अडकला. मग जे बोलायला सुटले ते सूर्य मावळेपर्यंत. तिनं चारही शाखा ऐकल्या, मधे मधे शंका काढल्या, आणि शेवटी म्हणाली, "आमच्या शाळेतल्या पोरांना सांगाल का हे?"

झालं. त्यानंतर सरांच्या सायकलला दुसरा रस्ताच माहीत नाही असं झालं. दर रविवारी टाकळवाडी. मला बरोबर ओढायचे, कारण एकट्यानं जाणं बरं दिसत नाही. तिथं चौकशी करण्यासारखं आता काही उरलंच नव्हतं, सगळ्या गावाची डोकी मोजून झाली होती. तरी सर तेच ते प्रश्न पुन्हा विचारायचे आणि कुसुमताई तीच ती उत्तरं द्यायच्या. एकदा परतताना मीच म्हणालो, "सर, मी बोलू का नामदेवरावांशी?" ते बराच वेळ सायकलचं हँडल पुसत राहिले. मग म्हणाले, "बोला. पण मला भीती वाटते."

"कशाची? कदम म्हणजे त्यांच्यातलेच. नोकरी आहे. हुंडा तुम्ही घेणार नाही. आणखी काय पाहिजे?"

ते सायकलवर टांग टाकून पुढं निघाले. मी बोललो नामदेवरावांशी. माणसाला इतका आनंद झाला की त्यानं माझे दोन्ही हात धरून ठेवले. त्या वर्षात त्या माणसाच्या तोंडावर हसू मी तेवढंच पाहिलं.

बोलणी करायला आम्ही गेलो. ओसरीवर नामदेवराव, त्यांची म्हातारी आई आणि भावकीतले दोघंतिघं बसलेले. आतल्या दाराशी कुसुमताई उभ्या. रीतीप्रमाणं नामदेवरावांनी सुपारी हातात घेतली आणि हसत म्हणाले, "सर, आजवर तुमी आमाला इचारलं, आज आमी इचारतो. देवक कोनतं तुमचं? मामा कोन?"

सगळे हसले. मीही हसलो. कदमसर हसले नाहीत.

"माहीत नाही," ते म्हणाले.

"म्हंजी?"

"म्हणजे मला माझं कुणी माहीत नाही. एका दुष्काळात मला नगरच्या एका बोर्डिंगच्या ओट्यावर कुणीतरी ठेवून गेलं. कदम हे आडनाव कारकुनानं लावलं. त्या साली आलेली सगळी पोरं कदमच आहेत. नेवाशाकडची माणसं होती, एवढंच तिथल्या स्वयंपाकीणबाईंना आठवत होतं."

मी आतून हललो. म्हणजे ही सगळी पायपीट, ही नाकं, ही डोकी, ही खापरं आणि ही मातीतली वर्तुळं! पुण्याची चांगली नोकरी सोडून हा माणूस या पत्र्याच्या कॉलेजात का येऊन पडला, ते मला त्या ओसरीवर कळलं. आपण याला वेडा म्हणत होतो. मला त्याची इतकी दया आली की त्याचाच राग आला.

भावकीतले चुळबुळायला लागले. पण नामदेवराव मोठ्या मनाचा गडी. सुपारी खाली ठेवली नाही त्यानं. म्हणाला, "हरकत न्हाई. कदमांचं जे देवक आसंल तेच लावू. मामा म्हनून आमचा मामा उभा करू. मानूस चांगला हाय, बास झालं. काय गं आई?"

दाराशी कुसुमताईंनी दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरलेले. सुटलो एकदाचे, असं मला वाटलं. मी सरांना कोपर मारलं, हो म्हणा.

"कदमांचं देवक मला पाठ आहे," सर म्हणाले. "पण ते माझं नाही. नामदेवराव, मी जर तुमच्याच भावकीतला निघालो तर? मग ही माझी बहीण लागेल."

"आता कुठून निघताय!" मी ओरडलो.

तेवढ्यात म्हातारी पुढं सरकली. "माझा धाकला दीर गेल्ता," ती हळूच म्हणाली. "आसाच दुस्काळ हुता. बायकूपोरं घिऊन कामाला म्हनून नगराकडं गेला, त्यो परत आला न्हाई. दोन पोरं हुती त्येची." तिनं कदमसरांची हनुवटी धरली, चेहरा उजेडाकडं वळवला आणि बघत राहिली. चाळीस वर्षांचा प्राध्यापक, डोळे मिटून, शाळेतल्या पोरासारखा बसून राहिला होता. म्हातारीनं शेवटी हात काढला. "न्हाई सांगता येत, बाबा. लई वर्सं झाली. चेहरंच आठवत न्हाईत आता."

कुसुमताई बाहेर आल्या. भावकीसमोर, भावासमोर, पदर सावरायचंही भान नव्हतं. "आणि नसेल तसं काही, तर?" त्यांनी विचारलं.

"ते सिद्ध करता येत नाही."

"कधीच?"

"नाही."

"मग आम्ही काय करायचं, सर?"

चार शाखांचा हा पंडित. जगातल्या कुठल्याही प्रश्नाला त्याच्याकडे एक त्रिकोण आणि एक वर्तुळ असायचं. आता त्याचं बोट जमिनीवर वर्तुळ काढायला गेलं आणि अर्ध्यातच थांबलं. कुसुमताईंनी खाली वाकून पोह्यांच्या बशा गोळा केल्या आणि आत गेल्या. नामदेवरावांनी सुपारी खिशात टाकली.

सायकली टपावर टाकून आम्ही एसटीनं निघालो, कारण चालवायचं त्राण दोघांतही नव्हतं. खिडकीतून गरम धूळ आत येत होती. मी तोंडाला येईल ते बोललो. शिकलेला अडाणी म्हटलं, कपाळकरंटा म्हटलं. तुमच्यापायी त्या बाईचं वाटोळं झालं म्हटलं. ते ऐकत होते. रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगावर बायका डोक्याला फडकी बांधून बसल्या होत्या, त्यांच्याकडे बघत होते.

बऱ्याच वेळानं म्हणाले, "शिंदे, पहिल्या दिवशी ती पोहे घेऊन बाहेर आली ना, तेव्हाच मला वाटलं होतं, हा चेहरा आपल्या ओळखीचा आहे. अगदी आपला आहे."

"अहो, त्याला प्रेम म्हणतात, प्रेम!" मी म्हणालो. गाडीतली माणसं वळून बघायला लागली. "सगळ्या जगाला तसंच वाटतं! त्यात नातं कुठं आलं?"

"असेलही," कदमसर म्हणाले. "मला फरक कळत नाही, शिंदे. दोन्हीपैकी एकही कधी मिळालं नाही."