भाचीच्या लग्नाला फुग्याचं शीड

"शीड उभारायचं म्हंजे आपल्या डाव्या हाताचा मळ!" धक्क्यावर उभं राहून हिरामणने जाहीर केलं, आणि तिथून पुढे सगळ्याचं वाटोळं व्हायला सुरुवात झाली. माणसाने घरात बसून वाटेल ते बोलावं, पण धक्क्यावर चार माणसं ऐकत असताना बोलू नये. मग माघार घेता येत नाही.

हिरामण पेणच्या खाडीकाठचा. बाप मचव्यावर तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या होता, शिडावर मीठ घेऊन मुंबईला जायचा. मचवे गेले, ट्रक आले, आणि तांडेलाचा मुलगा मुंबईच्या एका साहेबाच्या शिडाच्या बोटीवर राखणदार झाला. बोट देखणी. आत झोपायला गाद्या, चहाला शेगडी, सगळं काही. साहेब कधीतरी मित्रमंडळी घेऊन यायचा, हवा खायचा आणि जायचा. बाकीचे दिवस हिरामण बोट पुसत बसायचा.

त्या बोटीवर एक खास शीड होतं. वारा पाठीमागून असेल तेव्हाच वापरायचं. लाल-पिवळं, डावी-उजवी बाजू अगदी सारखी, आणि वारा भरला की असं पोट काढायचं की बोट त्याच्यामागे लपून जायची. हिरामण त्याला फुगा म्हणायचा. भाचीच्या लग्नाला बोट न्यायची परवानगी साहेबाने दिली होती, पण बजावून दिली होती. "इंजिनावर जा, इंजिनावर ये. फुग्याला हात लावायचा नाही!"

आता हे लग्न साधंसुधं नव्हतं. हिरामणची थोरली बहीण ठमाबाई खाडीच्या वरच्या अंगाला दिलेली. मिठागराच्या वाटणीवरून दोघांचं असं फाटलं होतं की सणावारालाही येणं-जाणं बंद. तिच्या सरूचं लग्न ठरलं आणि बाईचं मन विरघळलं. तिने इंदुबाईकडे, म्हणजे हिरामणच्या बायकोकडे, निरोप धाडला: "त्याला म्हनावं, नवरीच्या पाठीशी सख्खा मामा उभा रायला पायजे. आला तर मी सगलं विसरले. ह्या खेपेला नाय आला, तर माझ्या मयतालाबी येऊ नको."

एवढं सरळ काम! पेणहून एसटी होती, रिक्षा होत्या, पायही होते. पण हिरामणच्या डोक्यात किडा वळवळला. चुलतभाऊ कान्हू त्याच गावात राहायचा आणि 'तांडेलाचा पोर बोट पुसतो' असं चारचौघांत म्हणायचा. त्या कान्हूच्या डोळ्यांदेखत फुगा उभारून गावात शिरायचं, असं हिरामणने मनाशी पक्कं केलं.

दोर ओढायला त्याने साडूला बोलावलं. केरू रोह्याचा, धाटावला कंपनीत. शिफ्ट बदलून आला बिचारा. बोटीत चढल्या चढल्या त्याने विचारलं, "हिरामणभाऊ, सेफ्टी बेल्ट कुठाय?"

"लग्नाला चाललोय रे, कंपनीत नाय!"

दुपारनंतर वारा समुद्राकडून खाडीत घुसला, भरतीही जोरात होती. अहेराची ट्रंक मांडीशी धरून इंदुबाई नवी नऊवारी सावरत बसली. गावाच्या अलीकडच्या वळणावर हिरामणने इंजिन बंद केलं आणि पिशवीतून फुगा उपसला.

"हे बघ केरू, टोकं तीन. एक डोलकाठीच्या शेंड्याला जायचं, कप्पीतनं. खालची दोन. एकाला हा आडवा दांडा लावायचा, म्हंजे तोंड उघडं राहतं. दुसरं मोकलं. दोघांना मागनं दोर. समजलं?"

"समजलं. पण वरचं टोक कंचं?"

"कंचंबी धर! साहेब म्हनतो, दोनी बाजू सारख्याच हायत!"

साहेब दोन बाजूंबद्दल बोलला होता, तीन टोकांबद्दल नव्हे! फुगा आडवा चढला आणि वाळत घातलेल्या गोधडीसारखा लोंबकळला. उतरवला. दुसऱ्यांदा योग्य टोक वर गेलं, पण मधेच पीळ पडला. वर एक फुगा, खाली एक फुगा आणि मधे आवळलेली कंबर! पुन्हा उतरवला. केरूच्या हाताची सालं निघाली.

"कंपनीत असं झालं असतं तर एव्हाना भोंगा वाजला असता," केरू म्हणाला.

"तुमी हार घातला काय शिडाला?" इंदुबाईने विचारलं. "मामंजी हार घातल्याबिगर कदी शीड चढवत नव्हते!"

हिरामणने कपाळावर हात मारला. खरंच की! बापाने नव्या मोसमात शिडाला झेंडूचा हार बांधल्याशिवाय खाडीत पाणी कापलं नव्हतं. इंदुबाईने मांडवासाठी घरून हार आणलाच होता, तोही साध्या दोऱ्यात नव्हे, मासे धरायच्या नायलॉनच्या तंगुसात ओवलेला. हिरामणने तो शिडाच्या वरच्या टोकाला गच्च बांधला, हात जोडले, आणि दोर ओढला.

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. बापाचं शीड आडव्या लाकडाला बांधलेलं असायचं आणि त्या लाकडासकट खाली यायचं. हाराची आणि कप्पीची कधी गाठच पडत नसे. इथे शिडाचं टोक थेट कप्पीला जाऊन भिडत होतं. पण हे हिरामणला कोण सांगणार? आणि सांगितलं असतं तरी तो ऐकणार होता थोडाच!

कारण फुगा भरला! धाडकन आवाज झाला, बोटीला हिसका बसला आणि लाल-पिवळं पोट आभाळभर झालं. "बघ! बघ गो इंदे!" हिरामण ओरडला. बोट वळणावरून सुटली. समोर गाव. बांधावर ही गर्दी! ठमाबाई पुढे उभी, एका हातात ओवाळायचं ताट, दुसऱ्या हातात भावाचे पाय धुवायला तांब्या. बेंजोवाल्यांनी वाजवायला घेतलं. फोटोवाला धावत बांधावर आला.

"आता उतरव," हिरामण ऐटीत म्हणाला.

केरूने वरचा दोर सोडला. फुगा जागचा हलला नाही.

"सोड म्हंतो ना!"

"सोडलाय! हा बघा, हातातबी नाय!"

दोघांनी वर पाहिलं. कप्पीतून झेंडूची दोन फुलं डोकावत होती. हार आत ओढला जाऊन गच्च रुतला होता, आणि तंगूस काही तुटायला तयार नव्हता.

"इंजिन उलटं टाकतो! तू खालचा दोर ढिला सोड!"

केरूने तो इतका ढिला सोडला की दोर थेट पाण्यात गेला, बोटीखाली गेला आणि पंख्याने गिळला. इंजिनाने दोन गचके दिले आणि मान टाकली. तेवढ्यात दोर असा गुंडाळला गेला की जरा सैलावलेला फुगा पुन्हा टम्म!

खाली भरती, मागे वारा. गाव जवळ येत होतं. येत कसलं, जायला लागलं होतं!

"अगो ताय! दोर फेका!" हिरामण दोन्ही हात हलवत ओरडला. गावाला वाटलं, मामा हात करतोय. गावानेही हात केले. बेंजो आणखी चढला. इंदुबाईने काकुळतीला येऊन हात जोडले, तर बांधावरच्या बायकांना वाटलं, ही निरोप घेतेय.

"दोर कापा!" केरूने मासे कापायची सुरी हिरामणच्या हातात कोंबली.

"साहेबाचा दोर हाय तो!"

"अवो, आपली भाची हाय ती!" इंदुबाई किंचाळली.

हिरामणने सुरी दोराला लावली आणि एकदा, फक्त एकदाच, बांधाकडे पाहिलं. बापाबरोबर मचव्यावर असलेले म्हातारे कपाळावर हात धरून वर बघत होते. पोरं नाचत होती. आणि कान्हू, तोच तो कान्हू, आ वासून उभा होता! सगळ्या आयुष्यात हिरामणकडे असं कुणी पाहिलं नव्हतं. एवढं बघू दे त्याला, मग कापतो, हिरामणला वाटलं.

ते एवढंसं पुरलं. दोर कापला तेव्हा गाव मागे पडलं होतं. सुटलेला फुगा फडफडत राहिला आणि बोट पुढच्या तिवरांच्या झाडीत चिखलात जाऊन रुतली.

मग काय विचारता! ओहोटी लागली. केरू मांडीभर चिखलात, इंदुबाई नव्या नऊवारीसकट कमरेभर, आणि हिरामणच्या डोक्यावर अहेराची ट्रंक. तिवरांतून वाट काढत तिघं मांडवात पोचली तेव्हा गोरज मुहूर्त टळला होता. जमिनीवर अक्षता सांडल्या होत्या आणि पंगत बसली होती.

ठमाबाईने भावाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तांब्या कुठेच नव्हता.

"ताय, अगो हार अडकला वर..."

"भट मामा मामा करून ओरडत व्हता," ती शांतपणे म्हणाली. "मुहूर्त थांबतो व्हय कुनासाठी? कान्हू उभा रायला."

"मी हाका मारत होतो तुला!"

"हात हलवत गेलास माझ्या दारावरनं. सगल्या गावानं बघितलं." तिचा आवाज तेवढा फाटला. "जेवून जा. पावन्यांची पंगत आता बसंल."

पाव्हण्यांची! सख्ख्या भावाला पाव्हण्यांच्या पंगतीत बसवलं, आणि वाढायला कोण आला असेल? कान्हू! हिरामणच्या पानात त्याने भात वाढला, वर आग्रह केला, आणि हिरामणने मान खाली घालून तो गिळला. सरू पाया पडायला आली. चिखलात पाय सापडेनात, म्हणून तिने ट्रंकेलाच हात लावून नमस्कार केला. "मामा, तुजी होडी लय छान दिसत व्हती," ती म्हणाली. पोर मनापासून म्हणाली, हेच वाईट.

साहेबाने पुढे दुसरा राखणदार ठेवला. पण त्याचं हिरामणला फारसं काही वाटलं नाही. लागलं ते लग्नाच्या अल्बमचं. मंगलाष्टकांच्या फोटोत नवरीमागे कान्हू उभा आहे, छाती काढून. आणि पान उलटलं की अख्ख्या पानभर लाल-पिवळं शीड, पाठमोरं. फोटोवाल्याला तोच फोटो सगळ्यात आवडला होता, म्हणून त्याने मोठा करून दिला.

ठमाबाई येईल-जाईल त्याला अल्बम दाखवते. त्या पानावर बोट ठेवते आणि म्हणते, "ह्यो बघा, नवरीचा सख्खा मामा."

लोक डोळे बारीक करून शोधतात. "कुठं हाय?"

"ह्यो काय," ठमाबाई म्हणते, "चालला."