जावळाच्या भारोभार

"चांदी मी आणतो," इसाकभाई सहज बोलून गेले, आणि गवार मोडता मोडता सिताराचा हात थांबला. हा माणूस आपण होऊन बाजारात जायला उठतो, म्हणजे काहीतरी घोळ नक्की. (मागे एकदा असाच उठला होता. तेव्हा कोथिंबीर विसरून भाजीवालीच्या गल्ल्यातला भोकाचा पैसा घेऊन आला होता, आणि वर तिलाच "घासू-पुसू नकोस हं" असं बजावलं होतं.)

पण या वेळचं कारण मोठं होतं. धुळ्याला दिलेल्या लेकीच्या, नौशीनच्या, बाळाचा अकिका होता. बाळाचं जावळ उतरवायचं आणि त्या केसांच्या भारोभार चांदी गरिबाला द्यायची, अशी रीत. चांदी नानाकडून, म्हणजे आईच्या वडिलांकडून, असं व्याही शाहबाजभाईंनी फोनवरच ठरवून टाकलं. "तुम्ही तर जळगावचे! सराफांच्या गावाला आम्ही काय चांदी दाखवायची?"

"चांदीच आणा," सितारा म्हणाली. "दुसरं काही दिसलं तर डोळे मिटून घ्या."

इसाकभाई डाळमिलच्या ऑफिसात कारकून. स्वभाव गरीब, पानतंबाखूचंही व्यसन नाही. फक्त जुनं नाणं दिसलं की त्यांचं भान सुटायचं. मय्यतीच्या घरी सांत्वनाला जाऊन, "मरहूम काही जुनी नाणी सोडून गेलेत का?" असं त्यांनी एकदा विचारलं होतं. तेव्हापासून त्या घरानं त्यांना लग्नालासुद्धा बोलावलं नव्हतं.

सराफाकडे ते चांदीच घ्यायला गेले होते, हे खरं. पण सराफ वजनकाटा पुसत होता, आणि शेजारीच मोडीचा डबा उघडा होता. त्यात तुटकी जोडवी, चेपलेला करंडा, आणि त्या सगळ्याखाली एक जाड, काळपट, वेडावाकडा रुपया. इसाकभाईंनी तो उचलला आणि उजेडात धरला. उर्दू वाचता येत असल्यानं फारसी अक्षरं त्यांनी एकेक करून लावली. औरंगजेबाच्या काळातला रुपया, आणि टांकसाळ बुऱ्हानपूर!

त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. बुऱ्हानपूर म्हणजे रावेरच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर. लहानपणी मामाबरोबर केळीच्या ट्रकात बसून ते तिथं गेले होते. तिथंच कधीकाळी कुणीतरी भट्टीपुढं घामाघूम होऊन या चांदीवर हातोडा घातला होता. ठसा जरा कलता पडला होता, निम्मी अक्षरं कडेबाहेर गेली होती. त्या दिवशी कारागिराचं लक्ष कुठं होतं? घरी बाळ आजारी होतं का? बादशाही गेली, टांकसाळ गेली, पण त्याची ती एक चूक इसाकभाईंच्या तळहातावर जशीच्या तशी होती. डोळे भरून आले. सराफाला वाटलं, गिऱ्हाईक भाव ऐकून रडतंय. त्यानं थोडे कमी केले.

चांदीचे पैसे संपले. 'धुळ्यात उतरलो की लगेच दुसरी चांदी घेऊ,' असं इसाकभाईंनी मनाला समजावलं. (त्यांचं मन समजूतदार होतं. नाण्यांच्या बाबतीत तर फारच.)

एसटीत सितारा डोळे मिटून होती, तेवढ्यात त्यांनी रुपया चारदा बाहेर काढला. धुळ्यात उतरून बाजाराकडे सटकणार, तर जावई रिक्षा घेऊन हजर. घरी पोचले तर न्हावी येऊन बसलेला. बाळानं जोरदार भोकाड पसरलं आणि जावळ उतरलं. ओळखीच्या सोनाराचा छोटा काटा पुढं आला. एका पारड्यात केस ठेवले, पारडं हललंसुद्धा नाही.

"चांदी?" शाहबाजभाईंनी हात पुढं केला.

इसाकभाईंनी खिसे चाचपले, जणू एखाद्या खिशात चांदी आपोआप उगवेल.

"नौशीनचे अब्बा," सितारा गोड आवाजात म्हणाली, "चांदी." हा गोड आवाज घरात वर्षातून एखाद्या वेळी निघायचा आणि तेव्हा इसाकभाई पाणीसुद्धा विचारून प्यायचे.

अखेर त्यांनी रुपया काढला आणि पारड्यात ठेवला. पारडं खाडकन खाली आपटलं.

"वा!" शाहबाजभाई ओरडले. "एवढ्याशा केसांना अख्खा रुपया! याला म्हणतात दिल!"

सगळे माना डोलवू लागले. नौशीनच्या डोळ्यांत अभिमान मावेना. सासरी पहिल्यांदाच बापानं तिची मान उंच केली होती. आणि तिचा बाप मात्र, मागच्या गल्लीतल्या जीनतआपा नावाच्या गरीब विधवेकडे निघालेल्या रुपयाला डोळ्यांनी निरोप देत होता.

रात्र कशीबशी काढली. सकाळी बाजार उघडताच इसाकभाईंनी नव्या घड्याळासाठी साठवून बरोबर आणलेले पैसे मोडले आणि रुपयाहून वजनदार चांदीचा तुकडा घेतला. तो देऊन रुपया बदलून घ्यायचा, एवढाच बेत होता.

"मी पण येते," सितारा म्हणाली. दानशूर माणसाचा चेहरा असा नसतो, हे तिला कालच कळलं होतं.

जीनतआपांनी हसून दार उघडलं. खाटेवर त्यांची रांगती नात बसली होती, गळ्यात काळा दोरा, आणि दोऱ्यात तो! वर कालच सोनाराकडून डाक देऊन कडी बसवलेली, आणि अंगावर नव्या ताटासारखी झळाळी.

"बठ्ठा काया पडेल व्हता भाऊ," आपा कौतुकानं म्हणाल्या. "चिच-राख लाईसन मी घसा. आते दखा, कसा चमकस!"

कडी डाकलेलं, घासलेलं नाणं म्हणजे संग्रहातून बाद. तेवढ्यात पोरीनं रुपया उचलून तोंडात घातला आणि हिरड्यांनी चावत खुदकन हसली. इसाकभाई बघतच राहिले. त्यांच्या घरातली सगळी नाणी प्लास्टिकच्या पाकिटात पडून होती. हे मात्र इतक्या वर्षांनी पुन्हा कुणाच्या तरी उपयोगी पडत होतं. त्यांनी चांदीचा तुकडा आपांच्या हातावर ठेवला.

"हाई पण?" आपांना गहिवरून आलं. त्यांनी दोन्ही हात वर केले. "अल्लाह तुमले आशा जुना रुपया आखो ढीगभर देवो!"

"आपा!" सितारा किंचाळली. "ही दुआ परत घ्या! दुसरी कुठलीही मागा! घरात पाय ठेवायला जागा नाही हो!"

पण इसाकभाईंनी केव्हाच "आमीन" म्हणून टाकलं होतं. त्यांची नजर आता खाटेच्या पायाखाली गेली होती. खाट डुगडुगू नये म्हणून तिथं काहीतरी जाड, गोल, हिरवट तांब्याचं सरकवलेलं होतं. श्वास रोखून ते गुडघ्यावर बसले, मग हात टेकले, मग कपाळ जमिनीला लागेपर्यंत वाकले.

जीनतआपा दोन पावलं मागं सरकल्या आणि अदबीनं म्हणाल्या, "नमाज पढनी व्हई ते तोंड मावयतीकडे करा भाऊ. हाई ते उगवती शे."