आजीचं अपात्र मनगट

माझी आजी नोरीन हिचं वय एकोणसत्तर वर्षं दहा महिने. तपासणीत तिची हाडं ठिसूळ निघाली आणि डॉक्टरांनी औषध सुचवलं. मात्र ते सवलतीत मिळायला नियमानुसार दोनच वाटा होत्या: सत्तरी गाठा, नाहीतर हाड मोडून दाखवा. आजीने दोन्ही बाबतींत कुचराई केली होती.

त्याच आठवड्यात मी अल्व्हरस्टन गावातल्या आमच्या शाळेत वादविवादात पहिली आले होते. जगाचे सगळे प्रश्न आपल्यावाचून अडलेत याबद्दल माझ्या मनात शंका उरली नव्हती. घरचं आरोग्यखातं मी, कुणीही न विचारता, ताब्यात घेतलं. फोनवर धोका मोजायचं गणित सापडलं. आजीचं वय, वजन, जुन्या सिगारेटी, सगळं भरलं.

"आजी, दहा वर्षांत तुझं हाड मोडायची शक्यता बावीस टक्के!"

"म्हणजे अठ्ठ्याहत्तर टक्के मी धड आहे. तुझे आजोबा लग्नातसुद्धा एवढे नव्हते."

दवाखान्याच्या खिडकीवर मॅक्सीनबाई होत्या. "हाड मोडलंय?"

"अजून नाही."

"मग दोन महिने थांबा. मधेच मोडलं तर लगेच या हं, संकोच नको."

पुढच्याच सोमवारी आजी पडली आणि मनगट मोडलं. घरात हळहळ. मी मात्र, सांगायला लाज वाटते, आनंदाने अर्ज काढला. खरं तर ती घरासमोरच्या सपाट वाटेवर, कचऱ्याचा चाकांचा डबा रस्त्याकडे ओढताना पडली होती. असल्या किरकोळ पडण्याला कोण भीक घालणार? 'अपघाताचे स्वरूप' या रकान्यात मी लिहिलं: "अर्जदार छपराची पन्हळ साफ करीत असता, सोसाट्याच्या वाऱ्यात, नऊ फुटी शिडीच्या टोकावरून काँक्रीटवर कोसळली." स्पर्धेत या वाक्याला टाळ्या पडल्या असत्या.

उत्तर आलं: अर्ज नामंजूर. इतक्या उंचावरून पडल्यास कोणाचेही हाड मोडते. सबब दोष शिडीचा, हाड निर्दोष. उभ्या उभ्या पडून मोडलेले हाडच ग्राह्य धरले जाईल.

"शाब्बास गं," आजी प्लास्टरवर बिस्किटाचे तुकडे सांडत म्हणाली. "हाड मोडलं ते मोडलं, वर त्याला चांगल्या वर्तणुकीचा दाखला!"

आईला हसू आलं नाही. "पुढच्या वेळी खुबा गेला म्हणजे?"

मी धावत दवाखाना गाठला. "मॅक्सीनबाई, शिडी खोटी आहे!"

"मग शिडी रद्द करायचा अर्ज कर. सोबत, सपाटीवर पडताना पाहणाऱ्याचं निवेदन. कुणी पाहिलं होतं?"

"मी."

"छान! साक्षीदार किती अंतरावर होता आणि काय करत होता, तेही लिही. तिथे खाडाखोड चालत नाही."

मी तिथेच बाकावर बसून लिहिलं. अंतर: दोन हात. अर्जदाराने हाक मारली होती, "जरा एक बाजू धर गं, डबा जड आहे." साक्षीदाराने फोनमधून मान वर न करता सांगितलं होतं, "एक मिनिट आजी, तुझाच धोका पुन्हा मोजतेय."

हा अर्ज तीन दिवसांत मंजूर झाला. पुरावा इतका भक्कम क्वचितच येतो म्हणे.

हसा, खुशाल हसा. फक्त एवढं सांगा, हे वाचत असताना आतल्या खोलीतून हाक आली, तेव्हा तुम्ही काय म्हणालात?