मालूआत्याचा मेलेला फ्रिज

जुन्या विजेच्या वस्तूंची शास्त्रशुद्ध विल्हेवाट कशी लावायची, हे आख्ख्या वरसे गावात माझ्याइतकं कुणाला कळत नाही! जुना टीव्ही फोडला की त्यातलं विष मातीत उतरतं, हे मी लोकांना इतक्यांदा सांगितलंय की मला बघून लोक गल्ली बदलतात. त्यामुळे पेणला ई-कचरा गोळा करणार म्हटल्यावर मी लगेच दोस्ताचा, खलीलचा टेंपो ठरवला.

नेमका त्याच संध्याकाळी माझ्या आत्येबहिणीचा, दिशाचा साखरपुडा. मालूआत्या शेजारीच राहते. म्हटलं, पाहुणे यायच्या आत तिचीही पडवी मोकळी करून द्यावी.

"आत्या, पडवीतला फ्रिज चालतो का गो?"

"नाय रे, कधीचा मेलाय!"

"मग नेऊ?"

"ने ने! पन पाय मोडू नको!"

हे शेवटचं 'ने ने' ती खुर्च्या न्यायला आलेल्या केरूला म्हणाली होती, हे मला फार उशिरा कळलं.

सुतळीने बांधलेला फ्रिज आम्ही टेंपोत चढवला आणि पेणला पोचवला. स्वयंसेवकांनी टाळ्या वाजवल्या! छाती फुगवून परत येताना वडखळला वडापाव तोंडात घातला, तोच बायकोचा, नम्रताचा फोन.

"अहो, आत्यांचा फ्रिज तुम्ही नेलात?"

"नेला! आभार नकोत..."

"कसले आभार! त्यात दिशाचा शालू हाय! आत्या कपाट म्हणून वापरतात तो!"

वडा घशातच बसला. खलीलने टेंपो असा गरकन वळवला की चटणी थेट माझ्या शर्टावर!

पेणला पोचलो तर सगळा माल ट्रकमध्ये भरून पनवेलच्या दिशेने निघालेला. हमरापूरला गाठला एकदाचा. तिथे माणसं गणपतीच्या मूर्ती उचलून रस्ता ओलांडत होती, म्हणून ट्रक उभा होता. मी धावलो.

"दादा, थांबा! त्या फ्रिजमध्ये माझी बहीण... बहिणीचा..."

पुढे दमच पुरेना! ड्रायव्हर न रंगवलेल्या मूर्तीसारखा पांढरा पडला.

"बहीण? फ्रिजमध्ये?"

मूर्तींच्या कारखान्यांतून माणसं हातात ब्रश घेऊन धावत आली. एक बाई ओरडली, "अगो बाय! कुनी कोंबली तिला?"

खलील मदतीला धावला. "अहो, आज साखरपुडा हाय तिचा!"

"म्हंजे मुलगा पसंत नसंल! पोलिसांना बोलवा!"

फ्रिज खाली उतरवला. सुतळी कापली. दार किलकिलं झालं आणि लाल पदर बाहेर लोंबला. दोघीतिघींनी किंकाळी फोडली! मग आख्खा शालू रस्त्यावर घसरला, आणि मागोमाग वास!

खालच्या कप्प्यात आत्याची वर्षभराची सुकट होती. महामार्गाच्या खड्ड्यांनी डब्याचं झाकण उडवलेलं, आणि शालूच्या जरीतल्या प्रत्येक मोराच्या चोचीत एकेक वाळकी कोळंबी!

फ्रिज ट्रकलाच दिला, म्हणजे विल्हेवाट शेवटी शास्त्रशुद्धच लागली. शालू आणि सुकट घेऊन घरी आलो. शालू झटकला, पंख्याखाली धरला. खलीलने अत्तर शिंपडलं, तर अत्तर लावलेल्या कोळंबीचा वास यायला लागला!

दिशा रडायला लागली. "दादा, तुझ्यापायी माझं लग्न मोडनार!"

त्या क्षणी मला स्वतःलाच कुणीतरी ट्रकमध्ये टाकावं असं वाटलं. दुसरा शालू नव्हता. दिशा तोच नेसून पाटावर बसली. नवऱ्या मुलाची, सुशीलची आई कुंकू लावायला वाकली आणि थबकली. नाकपुड्या हलल्या.

"ह्यो वास कुनी आनला?"

घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. खलीलनेसुद्धा! मी हात जोडले.

"बाबा रे," ती बाई माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाली, "सुकट एकदम झकास दिसतेय. आमाला वाटलं, नुसतं श्रीखंडच घालताय की काय!"

पाहुण्यांनी श्रीखंड बाजूला सारून परतलेल्या सुकटीवर ताव मारला. साखरपुडा दणक्यात झाला. मालूआत्या मात्र अजून माझ्याशी बोलत नाही. शालूचं तिला काही नाही हो, पण वर्षभराची सुकट एका पंगतीत संपली ना!