मुदतवाढ मागणाऱ्या पेशी

भालचंद्र रिसबूड यांच्या उजव्या डोळ्यातल्या पेशींनी गेल्या श्रावणात निवृत्त व्हायला नकार दिला. निवेदन त्यांनी रीतसर अश्रूंवाटे, रुमालावर पाठवलं. अक्षर बारीक होतं, पण वळणदार.

रिसबूडअप्पा आमच्या कासारखेड्याच्या सार्वजनिक वाचनालयाचे कार्यवाह. वय एकोणऐंशी. डावा डोळा लहानपणी विटी लागून गेलेला, त्यामुळे गावाचं वाचन एका डोळ्यावर चाले. दर वार्षिक सभेत ते उभे राहून ठराव वाचत, ‘योग्य व्यक्ती मिळेपर्यंत विद्यमान कार्यवाहांनीच काम पाहावे.’ आम्ही तेरा सदस्य हात वर करत असू, कारण त्यानंतर बटाटेवडे येत. योग्य व्यक्ती सव्वीस वर्षं समोरच्याच टेबलावर बसून पुस्तकं देत-घेत होती. कुंदा वाघचौरे, ग्रंथपाल. पण डोळा शाबूत असतानाही अप्पांना ती कधी दिसली नाही.

त्या वर्षी अप्पांनी तो ठराव फ्रेम करून खुर्चीच्या समोर लावला. तिथेच चुकलं. पेशींनी तो दिवसभर वाचला.

डॉक्टर नसीमा तांबोळींनी अप्पांची हनुवटी यंत्रावर टेकवून आत पाहिलं.

“अप्पा, बुबुळावर काचेसारखा पडदा असतो ना, त्यावर पेशींचे पाच-सहा थर असतात. नव्या पेशी काठावर तयार होतात, सरकत मध्यावर येतात, वर चढतात आणि आठ-दहा दिवसांत पापणीच्या उघडझापीबरोबर गळून जातात. जितक्या जातात तितक्याच येतात. म्हणून काच स्वच्छ राहते.”

“मग आता काय झालं?”

“वरच्या जागा सोडत नाहीत आणि काठावरून भरती चालूच आहे. एकवीस थर झालेत.”

“खरवडून काढा मेल्यांना!”

“काढल्या असत्या. पण त्यांच्याकडे तुमचा ठराव आहे.” डॉक्टरांनी रुमाल उजेडात धरला. “लिहितात, खालून येणाऱ्या पेशी होतकरू आहेत, पण अनुभव कमी. योग्य पेशी मिळेपर्यंत आम्हीच काम पाहू.”

“कसलं काम? मला समोरची भिंत दिसत नाही!”

“तोही मुद्दा घेतलाय. काम होतं की नाही, हे ठरावात विचारलेलं नाही.”

उपाय एकच होता. ज्याने पायंडा पाडला त्याने खुर्ची सोडायची, म्हणजे पेशींना आधार उरणार नाही.

“डोळ्यापायी खुर्ची सोडू?” अप्पा म्हणाले. “बाई, खुर्ची एकच आहे.”

“डोळाही एकच आहे, अप्पा.”

अप्पांनी दोन दिवस विचार केला आणि विशेष सभा बोलावली. ठराव क्रमांक चार: कार्यवाहांना व त्यांच्या उजव्या डोळ्यातील पेशींना एकत्रित मुदतवाढ.

मी जरा खाकरलो. “अप्पा, वाचनालयाच्या कार्यवाहाला वाचता यायला नको का?”

“तू अकरा वर्षं समितीवर आहेस. एक तरी पुस्तक नेलंस घरी?”

ठराव एकमताने मंजूर झाला. वडे गरम होते. पेशींनी रुमालावर आभार मानले.

महिन्याभरात चाळीस थर झाले. अप्पांना फक्त उजेड आणि अंधार कळे, आणि तेवढ्यावर ते वेळेत येत आणि वेळेत जात. सहीसाठी कुंदाताई कागद पुढे धरून बोट ठेवत.

“अप्पासाहेब, इथं.”

“काय आहे गं?”

“ठराव क्रमांक पाच.”

“पाच? पाच कधी झाला?”

“वड्यांनंतर.”

अप्पांनी सही केली. इतिवृत्त पुढे आम्हा तेराजणांकडे फिरलं आणि आम्हीही सह्या केल्या. वाचून सही करायची आमच्याकडे पद्धत नाही.

पेशींनी मात्र वाचलं. कागद डोळ्यापासून चार बोटांवर होता. कार्यवाहांचा राजीनामा मंजूर, नवीन कार्यवाह कुंदा वाघचौरे. पेशी नियमाने चालणाऱ्या. त्याच दुपारपासून वरचा थर गळायला लागला, मग त्याखालचा. अप्पा आठवडाभर डोळे पुसत होते. नवव्या दिवशी त्यांना लख्ख दिसलं. दारावर नव्या नावाची पाटी होती आणि खुर्चीत कुंदाताई.

“ही सही माझी नाही!”

“नीट बघा. आता दिसतंय ना?”

अप्पांनी सही बघितली. त्यांचीच होती, लपेटीसकट. मग त्यांनी डोळ्याकडेच लेखी तक्रार केली, की आतल्यांनी मजकूर वाचूनही आपल्याला कळवला नाही. उत्तर तिसऱ्या दिवशी रुमालावर आलं. अक्षर वेगळं होतं.

‘आपली तक्रार मागील पेशींच्या कार्यकाळातील आहे. त्या निवृत्त झाल्या. आम्ही सोमवारीच रुजू झालो असून पुढच्या आठवड्यातील बुधवारी जाणार आहोत.’